ग्राइत्स आणि रॉइस घराणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीच्या पूर्वेला, थुरिंगिया राज्यात, सॅक्सनीच्या सीमेला खेटून ग्राइत्स नावाचं एक गाव आहे. 1918 पर्यंत ही एका स्वतंत्र संस्थानाची राजधानी होती आणि तिथे रॉइस घराण्याचं राज्य होतं. या घराण्याबद्दल बहुतेकांनी एकच गोष्ट ऐकलेली असते: त्यातल्या सगळ्या पुरुषांचं नाव हाइन्रिश. गोष्ट खरी आहे, पण तिथेच थांबलं तर पुष्कळ काही निसटतं. या घराण्याचा जगावर जो काही ठसा उमटला, तो माझ्या मते बराचसा त्याच्या लेकीसुनांमुळे उमटला. त्यांना क्रमांक नव्हते, म्हणून त्या याद्यांमध्ये दिसत नाहीत. खालच्या उत्तरांत त्यांना मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

ग्राइत्स नेमकं कुठे आहे आणि केवढं आहे?

वाइसे एल्स्टर नदीच्या अरुंद खोऱ्यात. गोल्त्श ही लहान नदी इथेच तिला येऊन मिळते. लोकवस्ती आज 20 हजारांच्या आसपास. चहूबाजूंना झाडीने भरलेल्या टेकड्या आणि गावाच्या मधोमध सुमारे 50 मीटर उंचीचा एक सुळका, त्यावर वरचा राजवाडा. गावात कुठेही उभं राहा, मान वर केली की तो दिसतोच. 1209 सालच्या एका दस्तऐवजात या ठिकाणाचा पहिला उल्लेख सापडतो. या सगळ्या मुलखाला फोग्टलँड म्हणतात आणि ग्राइत्सला ‘फोग्टलँडचा मोती’ असं कौतुकाने म्हटलं जातं.

रॉइस घराणं मूळचं कोण?

सम्राटाच्या वतीने एखाद्या मुलखाचा कारभार, न्यायनिवाडा आणि बंदोबस्त पाहणाऱ्या अधिकाऱ्याला जर्मनीत फोग्ट म्हणत. वाइडा, गेरा आणि प्लाउएन इथले फोग्ट एकाच कुळातले होते. काळ जाईल तसा त्यांचा हा हुद्दा वंशपरंपरेचा झाला आणि कारभारी हळूहळू मालक बनले. फोग्टलँड हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. 13व्या शतकात प्लाउएनच्या शाखेतल्या एका हाइन्रिशला, पूर्वेकडच्या रूस प्रदेशाशी असलेल्या नात्यामुळे, ‘रॉइस’ म्हणजे रशियन असं टोपणनाव मिळालं. ते पुढे आडनाव होऊन बसलं. 1673 मध्ये घराण्याला काउंटचा दर्जा मिळाला आणि 1778 मध्ये ग्राइत्सचा काउंट प्रिन्स झाला.

सगळ्यांचं नाव हाइन्रिश, हे खरंच आहे का? आणि का?

खरंच आहे. 12व्या शतकाच्या अखेरीस राज्य करणारा सम्राट हाइन्रिश 6वा या कुळावर मेहेरबान होता, त्याची आठवण म्हणून हे नाव धरलं, अशी घराण्यातली परंपरा सांगते. सुरुवातीला ती नुसती रीत होती, 17व्या शतकात तिचा घराण्याच्या नियमांत समावेश झाला. थोरला असो की धाकटा, गादीवर बसणारा असो की पाळण्यातच गेलेला असो, मुलगा जन्मला की त्याचं नाव हाइन्रिश. घरात अर्थातच टोपणनावांनी हाका मारत, नाहीतर जेवायला बोलावणंही अवघड झालं असतं.

मग क्रमांक कसे दिले जात? बाप 67वा आणि मुलगा 14वा असं कसं होतं?

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इतर राजघराण्यांत क्रमांक मिळतो तो गादीवर बसणाऱ्याला. रॉइसांमध्ये तो मिळतो जन्माला येणाऱ्या प्रत्येक मुलाला. त्यामुळे सख्खे भाऊ, चुलत भाऊ, दूरच्या शाखेतले पुतणे, सगळे एकाच रांगेत येतात आणि राज्यकर्त्यांचे आकडे उड्या मारत जातात.

शिवाय घराण्याच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या, म्हणजे मुख्य शाखा (त्यांच्याबद्दल पुढच्या उत्तरात), आणि दोघींचे नियम वेगळे. थोरल्या पातीत मोजणी शंभरपर्यंत न्यायची आणि मग पुन्हा एकपासून सुरू करायची असं ठरलं होतं. शंभर कधी आलेच नाहीत, पाती 24व्या हाइन्रिशबरोबर संपली. धाकट्या पातीत मात्र नवं शतक लागलं की मोजणी पुन्हा एकपासून. 18व्या शतकाची फेरी 75वर थांबली. हा 75वा हाइन्रिश 1800 साली जन्मला आणि पुढच्याच वर्षी गेला, पण घराण्यातला सर्वात मोठा आकडा त्याच्याच नावावर राहिला.

आता बाप आणि मुलाचं कोडं सुटेल. धाकट्या पातीतला 67वा हाइन्रिश 1789 मध्ये जन्मला, म्हणजे जुन्या फेरीत. त्याचा मुलगा 1832 चा, म्हणजे नव्या फेरीत, म्हणून तो 14वा. त्याचा मुलगा 27वा आणि नातू 45वा. ग्राइत्सच्या थोरल्या पातीतही असंच: 22व्या हाइन्रिशचा मुलगा 24वा, कारण 23 हा आकडा 22व्याच्या धाकट्या भावाला मिळालेला होता आणि तो भाऊ लहानपणीच वारला.

कागदपत्रांत एखादा हाइन्रिश भेटला तर नुसत्या आकड्यावर कधीही विसंबू नका. आधी पाती बघा, मग शाखा, मग जन्मसाल. 24वा हाइन्रिश म्हटलं तर ग्राइत्सचा शेवटचा राजाही डोळ्यासमोर येतो आणि धाकट्या पातीच्या क्योस्ट्रित्स शाखेतला, 1855 ते 1910 या काळात होऊन गेलेला संगीतकारही. दुसऱ्याने सिम्फनी लिहिल्या आणि ब्राम्स या थोर संगीतकाराच्या वर्तुळात त्याची ऊठबस होती. पहिल्याला आयुष्यभर दुसऱ्यांच्या आधाराने जगावं लागलं. दोघांची गल्लत केली तर दोघांवरही अन्याय होतो.

थोरली पाती आणि धाकटी पाती म्हणजे काय?

1564 मध्ये घराण्याच्या वाटण्या झाल्या आणि थोरली, मधली, धाकटी अशा तीन पात्या पडल्या. मधली 1616 मध्ये निर्वंश झाली. उरलेल्या दोघींनी आपल्या वाट्याचे पुन्हा तुकडे केले. पटवर्धनांच्या मिरजेच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हे चित्र लगेच ओळखीचं वाटेल: कूळ एक, नाव एक, पण दरबार वेगळे, तिजोऱ्या वेगळ्या आणि मानपानही वेगळे.

थोरल्या पातीकडे ग्राइत्स राहिलं. धाकट्या पातीकडे गेरा, श्लाइत्स, लोबेनश्टाइन, एबर्सडॉर्फ असा मोठा पण विखुरलेला मुलूख गेला. 19व्या शतकात थोरल्या पातीचं राज्य जेमतेम 317 चौरस किलोमीटरचं होतं आणि धाकट्या पातीचं सुमारे 827. 1871 मध्ये जर्मन साम्राज्य उभं राहिलं तेव्हा त्यातल्या सर्वात लहान घटकराज्यांत ग्राइत्सची गणना होत होती.

एवढ्याशा गावात तीन राजवाडे कशाला?

दोन वाटण्यांमुळे, तिसरा हौसेमुळे.

थोरल्या पातीचेही पुढे दोन भाग झाले, ओबरग्राइत्स आणि उंटरग्राइत्स. एक काउंट टेकडीवर वरच्या राजवाड्यात आणि दुसरा खाली नदीकाठी. 1768 मध्ये खालची शाखा संपली आणि सगळं 11व्या हाइन्रिशकडे आलं. त्याने 1723 ते 1800 राज्य केलं, म्हणजे तब्बल 77 वर्षं. गादीवर आला तेव्हा तो पाळण्यात होता, त्यामुळे सुरुवातीची वर्षं कारभार पालकांच्या हाती होता हे खरं, पण तरीही युरोपातल्या सर्वात लांब राजवटींमध्ये ही बसते. 1778 मध्ये प्रिन्स झाला तो हाच. नदीकाठच्या बागेतला उन्हाळी राजवाडा त्यानेच बांधला.

6 एप्रिल 1802 रोजी ग्राइत्सला मोठी आग लागली. गावाचा बराच भाग आणि खालचा राजवाडा जळाला. 11व्याचा मुलगा 13वा हाइन्रिश याने खालचा राजवाडा त्या काळच्या साध्या, सरळ अभिजात शैलीत नव्याने बांधला आणि 1809 मध्ये टेकडी सोडून तो तिथे राहायला आला. राजा लोकांच्या शेजारी, बाजारपेठेपाशी राहायला आला ही मला इमारतीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट वाटते.

हाइन्रिश ‘पोस्टुमुस’ कोण, आणि त्याच्या शवपेटीची एवढी चर्चा का होते?

हा धाकट्या पातीचा, गेराचा. 1572 मध्ये जन्मला तेव्हा वडील आधीच गेलेले होते, म्हणून पोस्टुमुस, म्हणजे बापामागे जन्मलेला. विद्येची आणि संगीताची त्याला मनापासून ओढ. गेरामध्ये 1608 साली त्याने जी शाळा काढली तिची परंपरा अजून चालू आहे.

मरणाची तयारी त्याने स्वतः केली. धातूची शवपेटी आधीच करवून घेतली आणि तिच्यावर कोणती वचनं कुठे कोरायची हे स्वतः ठरवलं: बायबलमधले उतारे, भजनांची कडवी, झाकणावर, कडांवर, डोक्याशी, पायाशी. डिसेंबर 1635 मध्ये तो वारला. त्याच्याच मुलखातल्या क्योस्ट्रित्स गावी 1585 साली जन्मलेला हाइन्रिश श्युट्स हा तोवर जर्मनीतला सर्वात मोठा संगीतकार झाला होता. शवपेटीवरची तीच वचनं श्युट्सने संगीतात बांधली आणि 4 फेब्रुवारी 1636 रोजी गेरामध्ये अंत्यविधीच्या वेळी ती गायली गेली. जर्मन भाषेतल्या अगदी सुरुवातीच्या रिक्विएममध्ये, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतात, या रचनेचा मान आहे.

काळही ध्यानात घ्या. तीस वर्षांचं युद्ध चालू होतं, थुरिंगियाची राखरांगोळी होत होती, गायक-वादक मिळणं मुश्कील झालं होतं. अशा दिवसांत एका छोट्या संस्थानिकाच्या मरणातून असं काही निर्माण झालं. ते ऐकायचं असेल तर शांत वेळ काढून, शब्दांचा अर्थ समोर ठेवून ऐका. पेटीभोवती फिरत एकेक वचन वाचत जावं तसं ते उलगडतं.

कॅरोलिन कोण होती? तिच्याबद्दल दोन टोकाची मतं का आढळतात?

कॅरोलिन ही हेसन-होम्बुर्ग घराण्यातली, 20व्या हाइन्रिशची राणी. 1859 मध्ये नवरा गेला तेव्हा मुलगा 13 वर्षांचा होता, म्हणून 1867 पर्यंत राज्य तिने चालवलं. बाई करारी, जुन्या वळणाची, आणि प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याचा तिला मनस्वी तिटकारा. 1866 मध्ये ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. आजूबाजूची शहाणी संस्थानं वारा पाहून प्रशियाकडे सरकली, कॅरोलिन ऑस्ट्रियाच्या बाजूने उभी राहिली. ऑस्ट्रिया हरलं, प्रशियाचं सैन्य ग्राइत्समध्ये येऊन बसलं आणि जबर दंड भरून राज्य कसंबसं वाचलं.

हट्टापायी तिने राज्य धोक्यात घातलं असं काही इतिहासकार म्हणतात, शब्दाला जागली असं दुसरे म्हणतात. मला दोन्हीत तथ्य दिसतं. पण तिच्या नावावर आणखी एक गोष्ट आहे, ती फार कमी लोक सांगतात. ती पुढच्या उत्तरात.

उन्हाळी राजवाड्यात इंग्लंडची चित्रं कशी काय आली?

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याची मुलगी एलिझाबेथ हिने 1818 मध्ये हेसन-होम्बुर्गच्या प्रिन्सशी लग्न केलं. ती स्वतः चित्रं काढायची आणि छापील चित्रांची मोठी संग्राहक होती. लग्न होऊन जर्मनीत आली ती आपला संग्रह घेऊनच. तिला मूलबाळ नव्हतं. कॅरोलिन ही तिच्या धाकट्या दिराची मुलगी. तिच्याकरवी तो संग्रह वारशाने ग्राइत्सला आला आणि आज उन्हाळी राजवाड्यातल्या ग्रंथ आणि मुद्राचित्र संग्रहाचा तो गाभा आहे.

त्यातली मेझोटिंट पद्धतीची चित्रं अगदी जवळून बघावीत. तांब्याच्या पत्र्यावर बारीक दात असलेलं वक्र पात्याचं हत्यार सगळ्या दिशांनी डोलवत फिरवतात, इतकं की सगळा पत्रा खरखरीत होतो. तसाच छापला तर कागदावर नुसता मखमली काळोख उमटेल. मग कारागीर जिथे उजेड हवा तिथे ती खरखर खरवडून आणि घासून गुळगुळीत करत जातो. म्हणजे चित्र काळ्यातून पांढऱ्याकडे जातं. रेशमी बाहीवरची चमक, गालावरचा प्रकाश, सगळं असं खरवडून काढलेलं. काचेवर आपलाच चेहरा दिसणार नाही अशा कोनात उभं राहिलात तर हे काम नीट कळतं. पत्रा लवकर झिजतो, त्यामुळे चांगल्या छापा थोड्याच निघतात. म्हणून इतक्या संख्येने त्या एका आडगावी असणं ही मोठी गोष्ट आहे.

एलिझाबेथच्या संग्रहात इंग्लंडमधली राजकीय व्यंगचित्रंही होती. हा धागा धरून 1975 मध्ये, पूर्व जर्मनीच्या काळात, याच राजवाड्यात व्यंगचित्रांचं ‘सातिरिकुम’ हे संग्रहालय सुरू झालं. राजाची मुलगी राजावरची व्यंगचित्रं जमवते आणि दीडशे वर्षांनी एक समाजवादी राजवट त्याच वाड्यात व्यंगचित्रांना घर देते, हे मला ग्राइत्सच्या इतिहासातलं सगळ्यात सुंदर वळण वाटतं.

22वा हाइन्रिश जर्मन साम्राज्याचा चान्सलर बिस्मार्क याच्याशी भांडला, हे खरं का?

खरं आहे. कॅरोलिनचा हा मुलगा, अगदी आईवर गेलेला. 1867 मध्ये वयाच्या 21व्या वर्षी कारभार हाती घेतला, त्याच वर्षी ग्राइत्सला राज्यघटना मिळाली. साम्राज्याच्या वरिष्ठ सभागृहात ग्राइत्सला एकच मत होतं. ते त्याने वेळोवेळी विरोधात वापरलं: चर्चच्या अधिकारांवर गदा आणणाऱ्या कायद्यांविरुद्ध, नागरी विवाहाविरुद्ध, समाजवाद्यांवरच्या बंदीविरुद्ध, आणि शेवटी सगळ्या जर्मनीसाठी केलेल्या दिवाणी संहितेविरुद्धसुद्धा. सम्राट पहिला विल्हेल्म याचं स्मारक आपल्या गावात उभारू द्यायलाही तो राजी नव्हता.

त्याला लोकशाहीचा कैवारी समजू नका. तो पक्का परंपरावादी होता आणि त्याचा विरोध जुन्या जगाच्या प्रेमातून आलेला होता. पण 317 चौरस किलोमीटरचा धनी बर्लिनपुढे मान तुकवत नाही याचं लोकांना कौतुकही वाटे. 1902 मध्ये तो वारला. त्याला मुली पाच आणि मुलगा एकच, 24वा हाइन्रिश, तो अपंगत्वामुळे कारभार करू शकत नव्हता. शेवटची वर्षं राज्य धाकट्या पातीच्या नातलगांनी पाहिलं.

22व्या हाइन्रिशच्याच मुलीने जर्मन सम्राटाशी लग्न केलं, हे कसं?

हर्मिना, जन्म 17 डिसेंबर 1887, ग्राइत्स. लहानपणी आई गेली, 14व्या वर्षी वडील. 1907 मध्ये शोनाइख-कारोलाट घराण्यातल्या प्रिन्सशी लग्न झालं, पाच मुलं झाली, 1920 मध्ये नवरा वारला.

तिकडे सम्राट दुसरा विल्हेल्म 1918 मध्ये गादी गमावून हॉलंडमध्ये डोर्न इथे राहत होता. 1921 मध्ये त्याची पत्नी वारली. 1922 च्या जानेवारीत हर्मिनाच्या एका लहान मुलाने त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छांचं पत्र पाठवलं. विल्हेल्मने मुलाला आणि त्याच्या आईला भेटीला बोलावलं, आणि नोव्हेंबर 1922 मध्ये दोघांचं लग्न झालं. नवरा 63 वर्षांचा, बायको 34 वर्षांची. विल्हेल्मच्या मुलांना आणि राजनिष्ठ मंडळींना ते रुचलं नाही. प्रशियाच्या राजांचं नाव काढलं की ज्याचा पारा चढे, त्या बापाची मुलगी होहेनझोलर्नांची, म्हणजे प्रशियाच्याच राजघराण्याची, सून झाली.

तिच्याबद्दल लिहिताना एक गोष्ट झाकता येत नाही. राजेशाही परत यावी म्हणून तिने नात्सींवर आशा लावली, त्यांच्या मेळाव्याला हजेरी लावली, नवऱ्याच्या वतीने बर्लिनमध्ये गाठीभेटी घेतल्या. आशा फोल ठरली. विल्हेल्म 1941 मध्ये वारला. 1945 मध्ये लाल सैन्य आलं, ती पकडली गेली आणि 7 ऑगस्ट 1947 रोजी ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्टमध्ये नजरकैदेत वारली. पॉट्सडॅमच्या साँसूसी उद्यानातल्या अँटिक टेम्पलमध्ये, विल्हेल्मच्या पहिल्या पत्नीशेजारी, तिचं दफन झालं. विल्हेल्म स्वतः मात्र डोर्नलाच आहे.

राणी व्हिक्टोरियाचं या घराण्याशी काय नातं?

आजोळचं. एबर्सडॉर्फ शाखेतली ऑगस्टा (1757 ते 1831) कोबुर्गच्या ड्यूकला दिली होती. तिची मुलगी व्हिक्टोरिया ही इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाची आई. ऑगस्टाचा मुलगा एर्न्स्ट हा राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याचा बाप. आणि आणखी एक मुलगा लिओपोल्ड, तो बेल्जियमचा पहिला राजा. म्हणजे राणी आणि तिचा नवरा दोघांचीही ही सख्खी आजी, एकाची वडिलांकडून आणि दुसरीची आईकडून. मुंबईच्या मुख्य स्टेशनाला शंभराहून जास्त वर्षं जिचं नाव होतं, तिच्या वंशावळीत चार पावलं मागे गेलं की एबर्सडॉर्फचा हा छोटा वाडा लागतो.

धाकट्या पातीच्या क्योस्ट्रित्स शाखेतली एलिओनोरे 1908 मध्ये बल्गेरियाची राणी झाली. बाल्कन युद्धांत आणि पहिल्या महायुद्धात ती परिचारिका म्हणून राबली. तिचं नाव बल्गेरियात अजून आदराने घेतात.

लडाखमधल्या मोरेव्हियन चर्चशी संबंध आहे असं वाचलं. खरं आहे?

थेट नाही, पण आहे. एबर्सडॉर्फच्याच एर्डमुथे डोरोथेआ (1700 ते 1756) हिचं 1722 मध्ये काउंट त्सिन्त्सेनडॉर्फशी लग्न झालं. त्याच वर्षी त्याच्या जमिनीवर, सॅक्सनीत, मोराव्हियातून पळून आलेल्या निर्वासितांनी हेर्नहूट ही वसाहत उभारली. मोरेव्हियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं नवं आयुष्य तिथून सुरू झालं. त्सिन्त्सेनडॉर्फ प्रवचनं करत, प्रवास करत फिरायचा. इस्टेट, कर्जं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची व्यवस्था हे सगळं बाईने सांभाळलं, शिवाय भक्तिगीतंही रचली. पंथाचा पैशाचा डोलारा तिच्या खांद्यावर होता असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

याच हेर्नहूटचे मिशनरी 1850 च्या दशकात लाहौलमधल्या केलाँगला आले आणि 1885 मध्ये लेहला. तिथलं मोरेव्हियन चर्च आजही चालू आहे.

1918 मध्ये नेमकं काय झालं?

नोव्हेंबर 1918 च्या क्रांतीत दोन्ही पात्यांची सत्ता गेली, रक्तपात न होता. दोन्ही राज्यं एप्रिल 1919 मध्ये एकत्र होऊन लोकराज्य रॉइस बनलं. 1564 मध्ये वेगळे झालेले भाऊ राजे गेल्यावर एक झाले. 1 मे 1920 रोजी ते थुरिंगियात विलीन झालं. 24वा हाइन्रिश 1927 मध्ये वारला आणि थोरली पाती संपली.

आणि 1945 नंतर?

एप्रिल 1945 मध्ये गेराचा ओस्टरश्टाइन राजवाडा बॉम्बहल्ल्यात बेचिराख झाला. आधी अमेरिकन आले, जुलैमध्ये सोव्हिएत सैन्य. जमीन सुधारणेच्या नावाखाली घराण्याची उरलीसुरली मालमत्ता जप्त झाली. धाकट्या पातीचा शेवटचा वारस, 45वा हाइन्रिश, याचं सगळं आयुष्य गेराच्या रंगभूमीत गेलं होतं. त्याला सोव्हिएत अधिकाऱ्यांनी 1945 च्या ऑगस्टमध्ये पकडून नेलं, तो परत आला नाही. 1962 मध्ये त्याला कायद्याने मृत ठरवण्यात आलं. आज जे रॉइस आहेत ते क्योस्ट्रित्स शाखेचे. मुलांची नावं अजून हाइन्रिशच.

2022 च्या अटकेची बातमी याच घराण्याची का?

हो. डिसेंबर 2022 मध्ये जर्मनीत सत्ता उलथवण्याच्या कटाच्या आरोपावरून अनेकांना अटक झाली, त्यात या घराण्यातला एक जण होता. घराण्याच्या प्रमुखांनी त्याच्या मतांशी आपला संबंध नसल्याचं आधीच जाहीर केलं होतं. 2024 मध्ये फ्रांकफुर्टला खटला उभा राहिला. दोष ठरवणं न्यायालयाचं काम. माझं म्हणणं एवढंच की एका माणसावरून आठशे वर्षांच्या घराण्याला आणि ज्यांचा यात काही संबंध नाही अशा गावकऱ्यांना मोजू नये.

राजे सोडून ग्राइत्सचं कोण प्रसिद्ध आहे?

उल्फ मेरबोल्ड, जन्म 1941. पूर्व जर्मनीत हवं ते शिकता येईना म्हणून 1960 मध्ये पश्चिमेकडे गेला, पदार्थविज्ञान शिकला आणि नोव्हेंबर 1983 मध्ये कोलंबिया यानातून अवकाशात गेला. नासाच्या यानातून गेलेला तो पहिला बिगरअमेरिकन. पुढे आणखी दोनदा गेला. गावातल्या हायस्कूलला त्याचं नाव आहे.

कवी राइनर कुन्त्से 1962 पासून 1977 पर्यंत इथे राहिले. 1976 मध्ये त्यांना लेखक संघातून काढलं आणि पुढच्या वर्षी देश सोडावा लागला. गुप्तहेर खात्याने त्यांच्यावर हजारो पानांची फाइल जमवली होती.

आणि नाव न राहिलेले विणकर. 19व्या शतकात ग्राइत्स लोकरी कापडाच्या गिरण्यांवर श्रीमंत झालं. कारखानदारांची ती कोरीव घरं रस्त्यांवर अजून उभी आहेत. 1990 नंतर गिरण्या बंद पडल्या, तरुण पोरं गाव सोडून गेली, ही इथली खरी जखम आहे.

जायचं असेल तर काय बघावं, काय खावं?

लाइपझिगहून गेरा आणि तिथून एल्स्टरच्या खोऱ्यातली गाडी. रूळ नदीला धरून जातात, खिडकीची जागा धरा. वरच्या राजवाड्यातलं संग्रहालय आधी बघा म्हणजे पात्यांचा गुंता सुटतो. तिथे दुरुस्तीच्या वेळी 12व्या शतकातलं विटांचं बांधकाम उजेडात आलं, ते चुकवू नका. मग खालचा राजवाडा, शेजारचं सेंट मेरी चर्च, आणि दुपारी उन्हाळी राजवाडा नि भोवतीचं उद्यान. 1870 च्या दशकात पेट्झोल्ड आणि राइनेकेन यांनी या उद्यानाला आजचं रूप दिलं. जून 2013 च्या पुरात त्याची मोठी नासधूस झाली होती. सोमवारी संग्रहालयं बहुधा बंद असतात.

हाताशी वेळ असेल तर जवळच सॅक्सनीत गोल्त्श खोऱ्यावरचा रेल्वे पूल आहे. 1846 ते 1851 या काळात 2 कोटी 60 लाख विटांनी बांधलेला, 78 मीटर उंच. जगातला विटांचा सर्वात मोठा पूल म्हणून तो ओळखला जातो आणि आजही त्यावरून गाड्या धावतात.

खायला कच्चा बटाटा किसून, पिळून, उकडलेल्या बटाट्यात मळून केलेले गोळे, क्लोसे. शाकाहारी मंडळींनी गोळे जरूर मागवावेत, मात्र वर घालायचा रस्सा बहुतेक ठिकाणी मांसाचा असतो. तो मश्रूमचा मिळेल का, हे आधी विचारून घ्यावं.